महाविद्यालयीन गणिताचे अभ्यासक्रम

शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यास अंकगणितातील मूलभूत कौशल्यांपासून बीजगणित, त्रिकोणमिती व फलने या टप्प्यांनी अवकलन व समाकलन (यांना एकत्रितपणे कलनशास्त्र म्हणतात) यांपर्यंत नेणाऱ्या क्रमबद्ध पाठ्यविषयांच्या समूहास महाविद्यालयीन गणिताचे अभ्यासक्रम असे म्हणता येईल. विज्ञान, अभियांत्रिकी, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, वास्तुशास्त्र, कृषी अभियांत्रिकी इ. विषयांच्या उच्च शिक्षणास हा समूह आधारभूत असतो. इतर विषयांच्या तुलनेत गणिताचे वैशिष्ट्य असे की, त्याचा प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर सर्वस्वी अवलंबून असतो. इतिहासातील एखादा कालखंड वगळून पुढचा अभ्यासता येतो. परंतु अपूर्णांकांवरील क्रिया न येणाऱ्या विद्यार्थ्यास बीजगणित आणि बीजगणित न येणाऱ्यास कलनशास्त्र आत्मसात करता येत नाही. त्यामुळे वरच्या वर्गात दिसून येणाऱ्या अपयशाचे मूळ पुष्कळदा खालच्या वर्गातील विषयात असते. प्रस्तुत नोंदीत या अभ्यासक्रमांचा क्रम, मराठी प्रदेशातील त्यांची वाटचाल आणि मराठवाड्यातील उमरगा (जि. धाराशिव, पूर्वीचे उस्मानाबाद) यांसारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने त्यांतील अडचणी यांचा विचार केला आहे.

ऐतिहासिक आढावा : मूलभूत कौशल्यांपासून क्रमाक्रमाने वर जाण्याची पद्धत भारतात प्राचीन आहे. भास्कराचार्य (दुसरे, जन्म १११४) यांच्या सिद्धांतशिरोमणि (११५०) या ग्रंथाचा लीलावती हा भाग मापनाची परिमाणे व संख्यास्थाने यांपासून सुरू होतो. त्यानंतर बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग, वर्गमूळ, घन व घनमूळ ही आठ परिकर्मे, अपूर्णांक, त्रैराशिक, व्याज, श्रेढी, क्षेत्रफळे, खोदकामाचे घनफळ असा क्रम येतो. बीजगणिताचा भाग स्वतंत्र आहे. ग्रहगणितात ग्रहाच्या एका क्षणीच्या गतीचा, म्हणजे तात्कालिक गतीचा, विचार भास्कराचार्यांनी केला असून तो अवकलनाच्या कल्पनेच्या निकटचा आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याचा उल्लेख चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखात आढळतो. केरळातील माधव व त्याची शिष्यपरंपरा यांनी चौदाव्या ते सोळाव्या शतकांत त्रिकोणमितीय फलनांच्या अनंत श्रेढी शोधून काढल्या. तथापि कलनशास्त्राची सर्वसामान्य पद्धत सतराव्या शतकात यूरोपात न्यूटन व लायप्निट्स यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केली आणि महाविद्यालयांतून आज शिकविले जाते ते कलनशास्त्र त्याच परंपरेतील आहे.

एकोणिसाव्या शतकापूर्वी महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळांत गणित म्हणजे मुख्यतः उजळणी, पाढे आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवाईकी, दिडकी, अडीचकी यांसारखी अपूर्णांकांची कोष्टके व व्यवहारी हिशेब एवढेच असे. हे सर्व मुखोद्गत असल्याने तोंडी हिशेबाचे कौशल्य चांगले असे. मात्र लेखी बीजगणिताकडे नेणारी वाट या शाळांत नव्हती. १८२० नंतरच्या दशकात बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या प्रयत्नांतून जॉर्ज जर्व्हिस या इंग्रज अधिकाऱ्याने पंडितांच्या साहाय्याने गणिताची पाश्चात्त्य धर्तीची पुस्तके मराठीत आणली. बाळशास्त्री जांभेकर (१८१२–४६) यांचा शून्यलब्धिगणित हा ग्रंथ अवकलनावरील आहे. मुंबई विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वीच (१८५७) कलनशास्त्र मराठीत मांडण्याचा हा प्रयत्न लक्षणीय ठरतो. केरो लक्ष्मण छत्रे यांनी पुणे येथील महाविद्यालयात गणिताचे अध्यापन केले व मराठीत अंकगणितावर पुस्तक लिहिले. विद्यापीठ स्थापन झाल्यावर मात्र उच्च गणिताची भाषा इंग्रजी झाली. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी १८९९ मध्ये केंब्रिज येथील गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लरचे स्थान मिळविले व पुढे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविले. विसाव्या शतकाच्या मध्यापासून शांतिनारायण यांची अवकलन व समाकलन या विषयांवरील इंग्रजी पाठ्यपुस्तके भारतातील अनेक विद्यापीठांप्रमाणे महाराष्ट्रातही दीर्घकाळ वापरात होती.

मराठवाड्यातील परिस्थिती वेगळी होती. उमरगा तालुक्यासह हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे अध्यापनाचे माध्यम उर्दू होते आणि त्यासाठी १९१७ मध्ये स्थापन केलेल्या भाषांतर विभागाने गणितासह विविध शास्त्रांची पुस्तके उर्दूत तयार केली. उच्च शिक्षण भारतीय भाषेतून देता येते हे या प्रयोगाने दाखवून दिले. परंतु घरी मराठी वा कन्नड बोलणाऱ्या मुलांना ती भाषाही शिकूनच घ्यावी लागे. संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर औरंगाबाद, नांदेड, अंबाजोगाई इ. ठिकाणी महाविद्यालये निघाली आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९९४ मध्ये त्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असे नामांतर झाले. त्याच वर्षी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाले. तथापि धाराशिव जिल्हा पूर्वीच्याच विद्यापीठाकडे राहिला. उमरगा येथील श्री छत्रपती शिवाजी महाविद्यालय व आदर्श महाविद्यालय या संस्थांमुळे परिसरातील विद्यार्थ्यांस सोलापूर, लातूर वा हैदराबाद येथे न जाता गावाजवळ उच्च शिक्षण घेणे शक्य झाले.

अभ्यासक्रमाच्या पायऱ्या : या अभ्यासक्रमातील निरनिराळ्या विषयांचा परस्परसंबंध एकाच उदाहरणावरून स्पष्ट होऊ शकेल. उमरगा हा अवर्षणप्रवण भाग असल्याने शेततळे ही तेथील परिचयाची गोष्ट आहे. ‘मागेल त्याला शेततळे’ या राज्य शासनाच्या योजनेत (२०१६) ३० मी. लांब, ३० मी. रुंद व ३ मी. खोल हे शेततळ्याचे कमाल आकारमान होते. बाजूंना १ : १ असा उतार दिल्यास दर मीटर खोलीस प्रत्येक बाजूकडून १ मी. रुंदी कमी होते. म्हणून तळ २४ मी. × २४ मी. एवढा राहतो. अशा तळ्यात किती पाणी मावेल, हा प्रश्न प्रत्येक पायरीवर निराळ्या साधनांनी सोडविता येतो.

(१) अंकगणित : या पायरीवर पूर्णांक, अपूर्णांक, दशांश, शेकडेवारी, गुणोत्तर व प्रमाण, सरासरी, मापनाची एकके हे विषय येतात. वरील तळ्याच्या माथ्याचे क्षेत्रफळ ९०० चौ. मी. व तळाचे ५७६ चौ. मी. आहे. त्यांच्या सरासरीस (७३८) खोलीने गुणल्यास २,२१४ घ. मी. हे उत्तर मिळते. याउलट, बाजूंची सरासरी (२७ मी.) घेऊन २७ × २७ × ३ असा गुणाकार केल्यास २,१८७ घ. मी. मिळतात. दोन्ही रीती सयुक्तिक वाटतात, पण उत्तरे भिन्न येतात. क्षेत्रफळांची सरासरी व बाजूंच्या सरासरीचे क्षेत्रफळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजणे ही या पायरीवरील महत्त्वाची गोष्ट होय. एककांचे रूपांतरही येथेच पक्के व्हावयास हवे : १ घ. मी. म्हणजे १,००० लिटर.

(२) बीजगणित : यात घातांक, बहुपदी, अवयव पाडणे, एकघाती व वर्गसमीकरणे, बैजिक अपूर्णांक यांचा समावेश होतो. माथ्याची बाजू अ, तळाची बाजू ब व खोली ख मानल्यास तळ्याचे घनफळ ख (अ² + अब + ब²) ÷ ३ या सूत्राने मिळते. किमती घातल्यावर ९०० + ७२० + ५७६ म्हणजे २,१९६ आणि त्यास ३ ने गुणून ३ ने भागल्यावर २,१९६ घ. मी., म्हणजे सु. २१.९६ लाख लिटर हे अचूक उत्तर येते. लीलावतीतील खातव्यवहारात हेच फल दुसऱ्या रूपात दिले आहे. माथ्याचे क्षेत्रफळ, तळाचे क्षेत्रफळ आणि माथा व तळ यांच्या बाजूंच्या बेरजेवरून येणारे क्षेत्रफळ यांची बेरीज करून तिला ६ ने भागावे व खोलीने गुणावे, अशी ती रीत आहे. प्रस्तुत तळ्यासाठी ९०० + ५७६ + २,९१६ = ४,३९२; त्यास ६ ने भागून ७३२ व ३ ने गुणून २,१९६. बीजगणिताने या दोन्ही सूत्रांची एकरूपता सिद्ध करता येते. परंतु मुळात ३ ने वा ६ ने का भागावयाचे, याचे सर्वसामान्य स्पष्टीकरण समाकलनाने मिळते.

(३) त्रिकोणमिती व वैश्लेषिक भूमिती : उतार, कोन व अंतर यांचे संबंध या विषयात अभ्यासले जातात. १ : १ उतार म्हणजे क्षितिजाशी ४५° चा कोन होय. माती ढासळणारी असल्यास १.५ : १ असा सौम्य उतार देतात, त्याचा कोन सु. ३३.७° येतो, तळाची बाजू २१ मी. होते व धारणक्षमता १,९७१ घ. मी. एवढी कमी होते. सरळ रेषेचे समीकरण व तिचा चढ या कल्पना पुढे अवकलनात स्पर्शरेषेच्या रूपाने पुन्हा भेटतात.

(४) फलने व लॉगरिथम : एका राशीच्या प्रत्येक किमतीशी दुसऱ्या राशीची एक निश्चित किंमत निगडित करणाऱ्या नियमास फलन म्हणतात. तळ्यातील पाण्याची खोली ख असताना पाण्याच्या पृष्ठभागाची बाजू २४ + २ख आणि पाण्याचे घनफळ ५७६ख + ४८ख² + (४/३)ख³ असते. या फलनावरून खोली निम्मी, म्हणजे १.५ मी., असताना पाणी ९७६.५ घ. मी., म्हणजे पूर्ण साठ्याच्या केवळ सु. ४४ टक्के असते, असे दिसते. निम्मी खोली म्हणजे निम्मे पाणी हा सामान्य समज त्यामुळे चुकीचा ठरतो. घातांकी व लॉगरिथमी फलनेही याच पायरीवर येतात. त्यांचे उमरगा परिसराशी निगडित उदाहरण म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेला किल्लारी भूकंप. त्यात औसा व उमरगा या तालुक्यांची सर्वाधिक हानी झाली; उद्ध्वस्त झालेले सास्तूर हे गाव (आता लोहारा तालुक्यात) त्या वेळी उमरगा तालुक्यात होते. या भूकंपाची तीव्रता निरनिराळ्या नोंदींत ६.२ ते ६.४ अशी दिली जाते. हे मापन लॉगरिथमी असल्याने एका एककाच्या वाढीने कंपनांचा विस्तार १० पट व मुक्त होणारी ऊर्जा सु. ३२ पट होते. त्यामुळे ६.२ व ६.४ हे आकडे जवळचे वाटले, तरी त्यांमधील फरक ऊर्जेच्या दृष्टीने जवळजवळ दुपटीचा आहे.

(५) अवकलन : एखादी राशी दुसरीच्या संदर्भात कोणत्या त्वरेने बदलते याचा अभ्यास अवकलनात होतो. त्याचा पाया सीमा ही कल्पना आहे. तळे भरलेले असताना पातळी ०.१ मी. उतरल्यास कमी झालेल्या पाण्याला त्या उताराने भागून ८९४.०१ मिळतात; उतार ०.०१ मी. घेतल्यास ८९९.४० मिळतात. उतार जसजसा शून्याच्या जवळ न्यावा तसतसा हा भागाकार ९०० च्या जवळ जातो. ९०० ही त्याची सीमा व त्या ठिकाणचा अवकलज होय. ही संख्या पाण्याच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाइतकीच आहे. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पातळी दिवसाला ८ मिमी. उतरते असे मानल्यास भरलेल्या तळ्यातून दिवसाला ७,२०० लिटर, तर खोली १ मी. उरली असताना ५,४०८ लिटर पाणी जाते, हे साखळी नियमाने काढता येते.

(६) समाकलन : सूक्ष्म भागांची बेरीज करून संपूर्ण राशी काढण्याची ही पद्धत आहे. तळ्यातील पाण्याचे अतिशय पातळ आडवे थर कल्पून प्रत्येकाच्या घनफळाची बेरीज केल्यास, म्हणजे (२४ + २ख)² या फलनाचे ० ते ३ या मर्यादांत समाकलन केल्यास, २,१९६ घ. मी. हेच उत्तर मिळते. वर्गाच्या समाकलनात घाताची ३ ही संख्या भाजक म्हणून येते. सूत्रातील ३ ने होणाऱ्या भागाकाराचे कारण हेच होय. अवकलन व समाकलन या परस्परांच्या व्यस्त क्रिया आहेत, हे कलनशास्त्राचे मूलभूत प्रमेय होय.

खालच्या पायरीवरील चूक : वरील उदाहरण सोडविताना (२४ + २ख)² याचा विस्तार ५७६ + ४ख² असा करणारे विद्यार्थी पुष्कळ आढळतात, मधले ९६ख हे पद राहून जाते. यापुढील समाकलन अगदी निर्दोष केले, तरी उत्तर २,१९६ ऐवजी १,७६४ घ. मी. येते. म्हणजे ४३२ घ. मी., अर्थात ४ लाख ३२ हजार लिटर पाणी हिशेबातून निसटते. ही चूक समाकलनाच्या प्रश्नात घडलेली असली, तरी ती समाकलनाची नाही. आठवी-नववीत शिकविल्या जाणाऱ्या वर्गविस्ताराची आहे. उत्तरपत्रिकेत मात्र तिची नोंद समाकलनातील अपयश अशी होते. विद्यार्थ्यालाही आपणास कलनशास्त्र समजत नाही असेच वाटते व तो विषय सोडून देतो. अपूर्णांकांची बेरीज, ऋण चिन्हांचे नियम, घातांकांचे नियम, बैजिक अपूर्णांकांतील पदे छेदून टाकणे आणि सूत्राची मांडणी उलटविणे या बाबतींतही हाच अनुभव येतो.

अशा उणिवा व्यापक प्रमाणात आढळतात. ग्रामीण भारतातील शालेय शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ या अहवालानुसार २०२२ मध्ये इयत्ता आठवीतील सु. ४५ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येस एक अंकी संख्येने भागता आले. यांपैकी अनेक मुले पुढे दहावी उत्तीर्ण होऊन कनिष्ठ महाविद्यालयात येतात. परीक्षेत निवडक प्रश्न सोडवून उत्तीर्ण होता येत असल्याने उत्तीर्णतेचे प्रमाणपत्र व पुढच्या पायरीसाठी लागणारी तयारी यांत अंतर राहते.

महाराष्ट्रातील रचना : शिक्षण आयोगाने (कोठारी आयोग, १९६४–६६) पहिली दहा वर्षे सर्वांना गणित आवश्यक असावे, अशी शिफारस केली. १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्रात दहा वर्षे शालेय, दोन वर्षे उच्च माध्यमिक व तीन वर्षे पदवी असा आकृतिबंध आला आणि पूर्वी महाविद्यालयाच्या आरंभीच्या वर्षांत शिकविले जाणारे पुष्कळसे गणित अकरावी व बारावीत आले. अकरावीत त्रिकोणमिती, निश्चयक व सारणी, सरळ रेषा, वर्तुळ व शंकुच्छेद, संमिश्र संख्या, श्रेढी, क्रमचय व समचय, फलने, सीमा, सांतत्य व अवकलनाची ओळख हे विषय येतात. बारावीत अवकलन व त्याचे उपयोग, समाकलन, अवकल समीकरणे, सदिश, तर्कशास्त्र, संभाव्यता इ. विषयांचा समावेश असतो. म्हणजे दहावीच्या बीजगणितापासून समाकलनापर्यंतचे अंतर विद्यार्थ्यास दोन वर्षांत कापावे लागते. वाणिज्य शाखेसाठी गणित व संख्याशास्त्राचा वेगळा अभ्यासक्रम आहे.

विज्ञान शाखेतील पदवीच्या पहिल्या वर्षात अवकलन, समाकलन, अवकल समीकरणे व भूमिती हे विषय अधिक काटेकोर सिद्धतांसह पुन्हा शिकविले जातात. तंत्रनिकेतनांतील पदविका अभ्यासक्रमाची रचना निराळी आहे. तेथे दहावीनंतर प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यास प्रथम लॉगरिथम, सारणी, त्रिकोणमिती, सरळ रेषा, क्षेत्रमापन इत्यादींचा मूलभूत गणित हा विषय आणि त्यानंतर अवकलन, समाकलन व त्यांचे उपयोग यांचा उपयोजित गणित हा विषय शिकावा लागतो. मूलभूत कौशल्यांपासून कलनशास्त्रापर्यंतचा क्रम सलगपणे योजलेला महाराष्ट्रातील हा बहुधा सर्वांत स्पष्ट नमुना होय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण (२०२०) राज्यातील संलग्न महाविद्यालयांतही २०२४-२५ पासून लागू होऊ लागल्याने पदवीच्या विषयरचनेत बदल होत आहेत.

अकरावीत प्रवेश घेताना गणित ठेवावे की सोडावे, हा निर्णय बहुधा पंधरा-सोळाव्या वर्षी घेतला जातो. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेस गणित लागत नसल्याने अनेक विद्यार्थी केवळ जीवशास्त्राचा गट घेतात. वैद्यकीय प्रवेश न मिळाल्यास अभियांत्रिकी, संख्याशास्त्र, संगणकशास्त्र, अर्थशास्त्र इत्यादींकडे वळणे त्यांना कठीण जाते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ साठीच्या नियमपुस्तिकेत अभियांत्रिकी प्रवेशासाठी बारावीतील गणिताची सरसकट अट शिथिल करून अशा विद्यार्थ्यांसाठी पूरक पाठ घेण्याची सूचना केली. प्रवेशाची अट शिथिल झाली, तरी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातील कलनशास्त्र कायम असल्याने पूरक पाठांची आवश्यकता वाढलीच आहे.

भाषेचा प्रश्न : ग्रामीण भागातील बहुसंख्य विद्यार्थी दहावीपर्यंत मराठीतून शिकतात, विज्ञान शाखेचे गणित मात्र अकरावीपासून बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून शिकविले जाते. छेद, अंश, अवयव, सहगुणक, वर्गमूळ हे परिचित शब्द एकाएकी नाहीसे होतात व त्याच वर्षी फलन, सीमा, सांतत्य यांसारख्या नव्या आणि अमूर्त कल्पना अपरिचित भाषेत समोर येतात. उमरगा कर्नाटकाच्या सीमेलगत असल्याने काही मुलांची घरची भाषा कन्नड वा उर्दू असते व त्यांच्या बाबतीत हे दुसरे भाषांतर ठरते. ही अडचण टाळण्यासाठी अनेक शाळांनी गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि इतर विषय मराठीतून शिकविण्याची ‘सेमी-इंग्रजी’ पद्धत स्वीकारली आहे. त्यात अंकगणितच अपुऱ्या समजलेल्या भाषेत शिकण्याचा धोका संभवतो.

मराठी परिभाषेची उणीव हे या अडचणीचे मुख्य कारण नाही. राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाने गणितशास्त्राचा परिभाषा कोश सिद्ध केला आहे आणि महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने विद्यापीठीय पातळीवरील पुस्तके मराठीत प्रसिद्ध केली. मात्र संज्ञांत एकवाक्यता नाही, उदा., अवकलन व विकलन हे दोन्ही शब्द एकाच क्रियेसाठी रूढ आहेत. शिवाय वर्गात या संज्ञांचा वापर झाला नाही, तर त्या कोशातच राहतात. दोन्ही भाषांतील संज्ञा शेजारी-शेजारी देऊन स्पष्टीकरण मराठीतून करण्याची रीत अनेक शिक्षक अनुसरतात व ती उपयुक्त असल्याचे आढळते.

उपाय व अनुभव : मूलभूत कौशल्यांतील उणिवा महाविद्यालयात भरून काढण्याचे प्रयत्न अनेक देशांत झाले आहेत. अमेरिकेतील दोन वर्षांच्या सामुदायिक महाविद्यालयांत प्रवेशाच्या वेळी चाचणी घेऊन विद्यार्थ्यास अंकगणित, प्राथमिक बीजगणित, माध्यमिक बीजगणित, पूर्वकलन यांपैकी योग्य त्या पायरीवर बसविण्याची पद्धत दीर्घकाळ प्रचलित होती. ही योजना तर्कशुद्ध असली, तरी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पायाभूत गणिताकडे पाठविलेल्यांपैकी सु. एक-तृतीयांश विद्यार्थीच ती मालिका पूर्ण करीत. प्रत्येक पायरीवर काही जण नापास होत, तर काही जण उत्तीर्ण होऊनही पुढच्या पायरीसाठी नाव नोंदवीत नसत. त्यामुळे कॅलिफोर्निया राज्याने २०१७ मध्ये कायदा करून विद्यार्थ्यास शक्य तो थेट महाविद्यालयीन पातळीच्या विषयात प्रवेश द्यावा व त्याच वेळी पूरक साहाय्य पुरवावे, असे धोरण स्वीकारले.

महाराष्ट्रात प्रवेशाच्या वेळी गणितातील तयारी तपासण्याची सार्वत्रिक पद्धत नाही. करोनाच्या साथीत शाळा बंद राहिल्यानंतर २०२१ मध्ये राज्याने शालेय विद्यार्थ्यांसाठी ४५ दिवसांचा ‘सेतू अभ्यास’ आखला होता. मागील इयत्तेतील आवश्यक कौशल्ये निवडून ती नव्या इयत्तेच्या आरंभी पक्की करून घेणे हे त्याचे तत्त्व होते व ते अकरावीसही लागू पडण्यासारखे आहे. मराठवाड्यात ‘लातूर पॅटर्न’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत वारंवार घेतल्या जाणाऱ्या सराव चाचण्यांवर भर आहे. सरावाने वेग व अचूकता वाढते. परंतु चुकीचे मूळ कोणत्या पायरीवर आहे हे शोधून काढले नाही, तर सरावात तीच चूक दृढ होण्याचा संभव असतो.

या सर्व अनुभवांवरून काही गोष्टी निष्पन्न होतात. प्रवेशानंतर पहिल्या आठवड्यात अपूर्णांक, चिन्हे, घातांक, वर्गविस्तार, अवयव व एकके यांवर छोटी चाचणी घेतल्यास प्रत्येक विद्यार्थ्याची नेमकी उणीव कळते. ती भरून काढण्यासाठी स्वतंत्र वर्षाची गरज नसून मुख्य पाठाच्या जोडीने आठवड्यातून काही तास पुरतात. उत्तरपत्रिका तपासताना कलनशास्त्रातील चूक व बीजगणितातील चूक वेगळ्या खुणांनी दर्शविल्यास कोणत्या विषयाची उजळणी करावयाची, हे विद्यार्थ्यास समजते. उदाहरणे शेततळे, विहीर, पर्जन्यमान, पीककर्ज यांसारख्या परिचित विषयांतून घेतल्यास उत्तराची शक्याशक्यता त्याला स्वतःला पडताळता येते. वर उल्लेखिलेल्या १,७६४ या चुकीच्या उत्तराची बाजूंच्या सरासरीने मिळालेल्या २,१८७ या अंदाजाशी तुलना केली, तरी चूक तत्काळ ध्यानी येते. आणि अशा पडताळणीस अंकगणितापलीकडे कशाचीही आवश्यकता नसते.